वाकळेचे अस्तर आधी भिजवावे, ते का?



या अंकात बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा किंवा खताचे हप्ते यांऐवजी आम्ही वाकळेच्या अस्तरावर लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण उसाच्या बिलाइतका नसला तरी घरखर्चाला हातभार लावणारा पैसा आता सुईदोऱ्यातूनही येऊ लागला आहे. कार्यक्षेत्रातील अनेक गावांत बचत गटांच्या बायका वाकळा शिवून पुण्या-मुंबईला पाठवतात. तिकडचे लोक तिला गोधडी म्हणतात, सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी म्हणतात. आपण सातारा-सांगलीकडची माणसे वाकळच म्हणतो. नाव काहीही असो, ती धुतल्यावर बिघडली तर पैसा आणि अब्रू दोन्ही जाते. आमची गेली म्हणून हा लेख.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या गटाला बारा वाकळांची मागणी आली. वरच्या बाजूला घरोघरच्या जुन्या साड्यांचे तुकडे जोडले, पोटात जुनी धडुती घातली आणि खालच्या बाजूला बाजारातून आणलेला कोरा मांजरपाट लावला. खाली कोरे कापड असले की गिऱ्हाईक वाकळ उलटून बघते तेव्हा ठिगळ दिसत नाही, असा आमचा हिशेब. वाकळा फक्कड दिसत होत्या. एकेका वाकळेवर दोघींचे आठ-दहा दिवस गेले होते.

महिन्याभरात पहिली वाकळ पार्सलने परत आली. गिऱ्हाइकाने ती एकदाच धुतली होती. खालचा मांजरपाट आटून आखूड झालेला, वरच्या साड्या होत्या तेवढ्याच राहिलेल्या. त्यामुळे टाक्यांच्या दोन रांगांमध्ये साडी फुगून वर आली होती, कडा भाजलेल्या पापडासारख्या खालच्या बाजूला वळल्या होत्या आणि चार ठिकाणी दोराच तुटला होता. मग दुसरी आली, तिसरी आली. शेवटी बाराही वाकळांचे पैसे परत करावे लागले.

गटातल्या सर्वांत वडील आजींनी ती वाकळ मांडीवर घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, “आगं, आमच्या आयांनी जल्मभर वाकळा शिवल्या. घट बसायच्या आदी दरसाली नदीवर न्हेऊन बडवून धुतल्या. त्या कदी आटल्या न्हाईत. तुमच्याच का आटत्यात?”

प्रश्न अगदी बरोबर होता. आजींच्या आईने कधी अस्तर वेगळे भिजवले नाही, हेही खरे. पण त्या काळी अस्तर म्हणजे काय होते ते आठवून बघावे. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब. त्याचे चार तुकडे केले की एकेक दोन मीटरचा होतो. दोन तुकडे जोडून वरची बाजू, दोन जोडून खालची. एका लुगड्यात वाकळेच्या दोन्ही बाजू निघत. आणि हे लुगडे वाकळेला लागायचे कधी? अंगावर नेसून, रोज धुऊन, दंड घालून पुन्हा नेसून, अगदी विरायला आल्यावर. म्हणजे वाकळेत जाण्यापूर्वी ते शेकडो वेळा भिजलेले, पिळलेले, उन्हात वाळलेले असायचे. त्यात आटण्यासारखे काही उरलेलेच नसायचे. पोटातली धोतरे, सदरे यांचेही तसेच. बंगालमधली कांथा काय किंवा हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंदी काय, ही कामेसुद्धा जुन्या वापरलेल्या कापडावरच वाढली. अस्तर धुवायची पायरी त्या काळी नव्हती असे नाही. ती दहा-बारा वर्षे आधीच, नेसणारणीच्या हातून, न कळत पार पडलेली असे.

आता सुती लुगडे घराघरांतून गेले. ट्रंकेत एखादे इरकली जपून ठेवलेले असते, त्याला कोणी कात्री लावू देणार नाही. जुन्या साड्या म्हणून मिळतात त्या बहुतेक पॉलिएस्टरच्या. त्या अंगाला टोचतात, घाम टिपत नाहीत, म्हणून आपण खाली सुती कापड विकत आणून लावतो. घोटाळा इथेच होतो. वरचे कापड न आटणारे, खालचे कोरे आणि भरपूर आटणारे, आणि दोन्ही हजारो टाक्यांनी एकमेकांना बांधलेली.

कापड आटते म्हणजे नक्की काय होते? पुष्कळांना वाटते की धागा आखूड होतो. तसे फारसे होत नाही. मागावर उभे धागे असतात तो ताणा आणि आडवे असतात तो बाणा. आपल्या शेजारी इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू केला. आज तिथे आणि आपल्या खानापूर तालुक्यातल्या विट्यात रात्रंदिवस खडखडाट चालतो. ज्यांनी तो माग उभे राहून बघितला असेल त्यांना ठाऊक आहे की ताणा कसा तारेसारखा ताठ ओढलेला असतो. ताणलेला धागा तुटू नये, घासून केसाळ होऊ नये, म्हणून त्याला आधी खळ चढवतात. इचलकरंजीकर त्यालाच सायझिंग म्हणतात. विणून झालेले कापड गुंडाळतानाही ओढूनच गुंडाळतात. म्हणजे ठाणातले कोरे कापड हे ओढून धरलेले आणि खळीने तसेच चिकटवून ठेवलेले कापड असते. दुकानदार मोजून देतो ती लांबी या ओढलेल्या कापडाची.

ते पाण्यात पडले की खळ सुटते, ओढ सैल होते. शिवाय कापसाचा तंतू पाणी पिऊन फुगतो. लांबीला नाही, जाडीला. आडवा धागा जाड झाला की त्याच्या वरून-खालून जाणाऱ्या उभ्या धाग्याला जास्त वळसा घालावा लागतो. घाटातल्या रस्त्यासारखे समजा. रस्त्याची लांबी तेवढीच, पण वळणे वाढली की पायथ्यापासून माथ्यापर्यंतचे सरळ अंतर कमी भरते. धागा तेवढाच राहतो आणि कापड आखूड होते. वाळल्यावर जाडी उतरते, पण पडलेली वळणे आपोआप सरळ होत नाहीत. आणि ओढ जास्त उभ्या धाग्यात असते, म्हणून कापड लांबीत जास्त आणि पन्ह्यात बहुधा कमी आटते.

पॉलिएस्टरचे तसे नाही. तो धागा पाणी जवळजवळ पीतच नाही, आणि गिरणीतच उष्णता देऊन त्याचे माप कायम केलेले असते. घरच्या धुण्याने ते हलत नाही. टेरिकॉटमध्ये दोन्हींची भेसळ, म्हणून ते थोडेच आटते.

किती आटते, याला एकच आकडा नाही. कोरे सुती कापड विणीप्रमाणे लांबीत शंभराला ३ पासून १० पर्यंतही आटू शकते. आमचा मांजरपाट नंतर मोजला तर शंभराला ६ आटलेला निघाला. ऐकायला ६ थोडे वाटतात. पण २ मीटरच्या वाकळेत ते १२ सेंटिमीटर होतात, अर्ध्या वितीहून जास्त. वरची साडी २०० सेंटिमीटर आणि खालचे अस्तर १८८. मधल्या १२ सेंटिमीटर साडीने जायचे कुठे? ती फुगून वर येणार, नाहीतर दोरा तोडणार.

म्हणून कापड आणल्यावर पहिले काम म्हणजे नमुना. ऊस तोडायला आला की नाही हे आपण फडातला नमुना काढून, ब्रिक्स बघून ठरवतो. अंदाजाने कोयता लावत नाही. कापडाचेही तसेच करावे. ठाणातून ६० सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा काढावा. त्यावर उभे ५० आणि आडवे ५० सेंटिमीटर मोजून रंगीत दोऱ्याने टाके घालून खुणा कराव्यात. खडूची खूण धुण्यात जाते. उभी बाजू कोणती, तेही दोऱ्यानेच दाखवून ठेवावे. मग गिऱ्हाईक जसे धुणार तसे, किंवा त्याहून थोडे कडक, धुऊन सावलीत सपाट वाळवावे आणि पुन्हा मोजावे. ५० मधला १ सेंटिमीटर गेला तर शंभराला २. आमच्या तुकड्यात उभे ४७ भरले, म्हणजे ३ गेले, म्हणजे शंभराला ६.

आता कापड किती घ्यायचे ते शाळेतल्या त्रैराशिकाने निघते. तयार वाकळ २०० सेंटिमीटर हवी, दोन्ही टोकांना मुडपायला ४-४ धरले तर धुतल्यानंतर २०८ हवे. शंभराचे ९४ उरतात, तर २०८ उरायला सुमारे २२१ लागतील. दुकानातून सव्वादोन मीटर घ्यावे. दीड मीटर रुंदीच्या वाकळेला ९० सेंटिमीटर पन्ह्याचे दोन तुकडे जोडावे लागतात, म्हणजे एकूण साडेचार मीटर. आम्ही पूर्वी चार मीटर दहा सेंटिमीटर घेत होतो आणि “कापड वाचवलं” म्हणून खूष होत होतो.

भिजवण्याची रीत अशी. आधी तुकडे पाडू नयेत. साडेचार मीटर अखंडच भिजवावे. कापलेल्या दोन्ही टोकांना हाताने मोठा धावदोरा घालावा, नाहीतर धुण्यात सुते सुटून कापडाचा गुंता होतो. बादलीत चांगले कढत पाणी घेऊन त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकावा, कापड पुरते बुडवावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी पाणी गढूळ, थोडे चिकट आणि आंबूस झालेले दिसेल. ती सुटलेली खळ. मग साबणाने धुऊन दोन पाण्यांतून खंगाळावे. खळ गेली की नाही हे बघायला वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब सोडावा. थेंब लगेच पसरून मुरला तर ठीक. मोत्यासारखा वर बसून राहिला तर अजून खळ आहे, कापसाचे मूळचे मेणही आहे. पुन्हा एकदा भिजवावे. कोरे कापड पहिल्या धुण्यात सगळे आटत नाही, थोडे दुसऱ्या-तिसऱ्यालाही आटते, म्हणून दोनदा भिजवलेले केव्हाही बरे. खळ काढण्याचा दुसरा फायदा म्हणजे सुई सरळ जाते, बोटे दुखत नाहीत. आणि कपाटातल्या कसरीला खायला काही राहत नाही.

क्षारपड पट्ट्यातल्या भगिनींनी एक लक्षात ठेवावे. तिथल्या काही विहिरींच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट कापडावर पांढरा चिकट थर बसतो. अशा पाण्यात साबणाआधी सोडा टाकावा, किंवा या कामापुरते नळाचे पाणी वापरावे.

याच्या उलट तक्रार माण, खटाव, आटपाडी, जत इकडून येते, आणि ती खरी आहे. एका बाईंनी आम्हाला तोंडावर सांगितले, “तुमचं बरं हाय, नदीकाठाला ऱ्हाताय. आमी प्यायचं पाणी भरायचं का मांजरपाट भिजवायचा?” टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी काही गावांत पोचले, तरी उन्हाळ्यात घागरीचा हिशेब सुटलेला नाही. त्यांना आमचे सांगणे एवढेच की कापड चांगले दाबून घातले तर साडेचार मीटर मांजरपाट एका बादलीत बसतो. चार-पाच जणींनी मिळून एकाच दिवशी काम काढावे. एकीचे शेवटचे खंगाळलेले पाणी दुसरीच्या पहिल्या भिजवणीला चालते. तेवढेही जमत नसेल तर पावसाळ्यात कापड आणून भिजवून ठेवावे आणि उन्हाळ्याच्या रिकामपणात शिवायला घ्यावे.

वाळवताना पुष्कळ जणी केलेले काम घालवतात. ओले कापड जड असते. ते लांबीत दोरीवर लोंबत टाकले की स्वतःच्या वजनाने पुन्हा ताणते, आणि ही ताण पुढच्या धुण्याला परत सुटते. म्हणून आडवे, दुहेरी टाकावे किंवा स्वच्छ गवतावर पसरावे. इस्त्री दाबून करावी, ओढून करू नये. ओढून केलेल्या इस्त्रीने कापड दोन बोटे वाढलेले दिसते खरे, पण ते उसने माप आहे.

अस्तराचे दोन तुकडे जोडताना दोन्हींचा ताणा एकाच दिशेला, वाकळेच्या लांबीला घ्यावा. कापड पुरवायच्या नादात एक उभा आणि एक आडवा लावला तर थोडे जे आटायचे राहिले असेल ते दोन दिशांना आटते आणि वाकळ तिरकी होते. काठाची विण बाकीच्या कापडाहून घट्ट असते. ती तशीच जोडात घेतली तर जोड आखडतो. काठ कापून टाकावा, किंवा वीत-वीत अंतरावर बारीक काप द्यावेत. दोऱ्याचेही तेच. सुती दोऱ्याची लडी कोरी असेल तर तीही भिजवून, वाळवून घ्यावी. सगळे कापड आटवून घेतले आणि दोरा तेवढा कोरा राहिला तर तो एकटा सगळ्या वाकळेला गोळा करतो. हे आम्हाला दुसऱ्या खेपेला कळले.

रंगीत अस्तर, विशेषतः लाल आणि गडद निळे, वेगळेच भिजवावे आणि कोमट पाण्यात. ओला पांढरा फडका त्यावर दाबून बघावा. डाग उठला तर रंग जाणार. मीठ टाकले की रंग बसतो असे आपल्याकडे घरोघर सांगतात. मीठ रंगाऱ्याच्या उपयोगाचे आहे, रंग कापडात शिरायला ते मदत करते. पण सुटू लागलेला रंग ते धरून ठेवत नाही. रंग सुटायचा थांबेपर्यंत पाणी बदलत राहणे, नाहीतर त्या कापडाचा नाद सोडणे, एवढेच हातात आहे.

“हे आटत नाही, ताई” असे दुकानात हमखास सांगतात. कधी ते खरेही असते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी कॉलर आणि शर्ट करणाऱ्या एका कारखान्यात सॅनफर्ड क्लूएट नावाच्या गृहस्थांनी १९३० च्या सुमारास कापड विकण्यापूर्वीच यंत्राने ओलसर करून, लांबीला दाबून आटवून घेण्याची रीत बसवली. त्यांच्या नावावरूनच ‘सॅन्फोराइज्ड’ हा शब्द आला, आणि जुन्या माणसांना गिरणीच्या कापडावरचा तो शिक्का आठवत असेल. असे कापड शंभराला १ च्या आसपासच आटते. पण साध्या मांजरपाटाला हा खर्च कोणी करत नाही. तेव्हा शब्दावर न जाता नमुना धुऊन बघावा.

लोकरीचे शास्त्र वेगळे आहे, ते इथे थोडक्यात. माण-खटावाकडे घोंगडे विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून कोरे घोंगडे ताठ असते. पण लोकर आटते ती तंतूवरचे खवले एकमेकांत अडकून, आणि कढत पाणी व चोळणे मिळाले तर आटतच जाते. जुने घोंगडे वाकळेच्या पोटात घालू नये. ते भिजवून कधी पुरे आटले असे होत नाही.

आधी न भिजवता शिवणारेही जाणकार आहेत, हेही सांगितले पाहिजे. परदेशात गोधड्या शिवणाऱ्या कित्येक बायका मुद्दाम सगळे कोरे सुती कापड घेतात आणि शिवल्यावर धुतात. सगळे थर सारखेच आटतात आणि अंगभर बारीक सुरकुती येते, ती त्यांना आवडते. वर, खाली आणि दोरा एकाच जातीचा, एकाच कोरेपणाचा असेल तर हेही चालेल. आपल्या वाकळेत मात्र एक थर पॉलिएस्टरचा, एक जुन्या धोतराचा आणि एक कोरा. आपल्याला ते परवडणारे नाही.

परत आलेल्या बारा वाकळांचे काय केले, असे पुष्कळ जणी विचारतात. टाकल्या नाहीत. वाकळ एकदा पुरती भिजवून वाळवली, म्हणजे आटायचे ते आटून गेले. मग मधले टाके तसेच ठेवून कडेचा मुडपा आणि कडेपासून हातभर आतपर्यंतच्या रांगा उसवल्या. जास्तीची साडी बोटांनी कडेकडे सारत आणली, कडेला बाहेर आलेली कापून टाकली आणि नवीन, भिजवलेल्या दोऱ्याने रांगा भरल्या. वाकळ चार बोटे लहान झाली, मधे थोडी फुगीर राहिली, पण अंथरायला उत्तम. अशा सात दुरुस्त झाल्या. त्यांतल्या चार हंगामात तळावरच्या ऊसतोड कुटुंबांनी कोपीत वापरायला कमी किमतीत घेतल्या. उरलेल्या पाच वाकळांचे दोरे फार तुटले होते. त्या उसवून कापड वेगळे केले. त्यातला मांजरपाट आता पुरता आटलेला आहे, आणि पुढच्या वाकळांना तोच अस्तर म्हणून लावणार आहोत. आजी म्हणाल्या, “आता त्ये लुगड्यागत झालं बगा.”

एकाच ठाणातले दोन तुकडे, एक कोरा आणि एक दोनदा भिजवलेला, दोन्हींवर ५० सेंटिमीटरच्या दोऱ्याच्या खुणा केलेले, गट ऑफिसच्या बाहेरच्या फळ्याशेजारी टांगले आहेत. उसाच्या नोंदीला किंवा पावतीला येणाऱ्या सभासदांनी घरच्या मंडळींना बरोबर आणून ते शेजारी-शेजारी धरून बघावेत. कोऱ्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून बघायलाही हरकत नाही. तिथे तांब्या ठेवला आहे.